मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (जन्म : मुद्देनहळ्ळी, १५ सप्टेंबर १८६०, काही नोंदींनुसार १८६१, मृत्यू : बंगळूर, एप्रिल १९६२) हे भारतीय स्थापत्य अभियंता, प्रशासक व म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. पाणीपुरवठा, पाटबंधारे, पूरनियंत्रण आणि औद्योगिक नियोजन या क्षेत्रांतील त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. भारत सरकारने १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब दिला. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

म्हैसूरजवळील कृष्णराजसागर धरणामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले असले, तरी त्यांच्या व्यावसायिक आयुष्याची पहिली चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या नोकरीत, त्यातही बराच काळ महाराष्ट्रात गेली. या काळात त्यांच्या वाट्याला नव्या धरणांपेक्षा आधी बांधलेले तलाव, कालवे आणि नळयोजना अधिक आल्या. जुन्या धरणातून अधिक पाणी कसे मिळवावे, त्याच वेळी ते सुरक्षित कसे ठेवावे आणि एका तलावाचे फुटणे खालच्या वस्तीला कसे भोवते, या प्रश्नांचा त्यांनी केलेला विचार हा त्यांच्या कार्याचा तुलनेने कमी परिचित, पण महत्त्वाचा भाग आहे.

बालपण व शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म तत्कालीन म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या गावी झाला. हे गाव आज कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात आहे. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांचे गाव आजच्या आंध्र प्रदेशात असून तेच घराण्याचे नाव झाले. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. आईचे नाव वेंकटलक्ष्मम्मा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला आणि १८८१ मध्ये मद्रास विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली.

म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हीच संस्था पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाली. १८८३ च्या स्थापत्य अभियांत्रिकी परीक्षेत ते पहिले आले. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास सरकारी नोकरी देण्याची त्या वेळी पद्धत होती. त्यानुसार १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली.

मुंबई इलाख्यातील सेवा

नाशिक व खानदेश

पहिली नेमणूक नाशिक येथे झाली. तेथून त्यांना लवकरच खानदेशात पाठवण्यात आले. धुळ्याच्या परिसरात पांझरा नदीच्या खोऱ्यातील पाटाचे पाणी एका नाल्याच्या तळाखालून पलीकडे नेण्यासाठी बंद नळ टाकण्याचे काम त्यांच्याकडे होते. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन खोदकामात वाळू व गाळ भरू लागला. काम पाऊस संपेपर्यंत थांबवावे, असे त्यांनी कळवले; वरिष्ठांना ती सूचना रुचली नाही. त्यानंतर त्यांनी पुराशी झगडत ते काम तडीस नेले. पावसाचे व नदीचे वागणे आराखड्याच्या कागदावर पूर्णपणे उतरत नाही, हा धडा त्यांना नोकरीच्या आरंभीच मिळाला.

सक्कर

१८९३ मध्ये सिंध प्रांतातील सक्कर शहराची पाणीपुरवठा योजना पूर्ण करण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत असे. सिंधू नदीचे पाणी अतिशय गढूळ होते आणि गाळण टाक्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदून वाळूतून गाळून येणारे पाणी घेतले, ते काठावर आणून पंपाने टेकडीवर चढवले आणि तेथून शहरात सोडले. १८९५ मध्ये ही योजना पुरी झाली. जागेवर उपलब्ध असलेल्या नैसर्गिक साधनाचा उपयोग करून खर्च आटोक्यात ठेवण्याची त्यांची पद्धत येथे प्रथम ठळकपणे दिसली.

पुणे व खडकवासला

सुरतमधील अल्पकाळाच्या सेवेनंतर त्यांची बदली पुण्यास झाली. पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा परिचय वाढला. १८९८ मध्ये रजा घेऊन ते जपानला जाऊन आले. तेथील शिक्षण व उद्योग पाहून झालेले विचार पुढे त्यांच्या म्हैसूरमधील कारभारात उतरले.

१८९९ पासून पुणे जिल्ह्यातील पाटबंधाऱ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुण्याला पिण्याचे पाणी व मुठा कालव्यांना सिंचनाचे पाणी खडकवासला येथील तलावातून मिळत असे. मुठा नदीवरील हे दगडी धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले होते आणि ते उभारण्यात पुढाकार घेणारे कर्नल फाइफ यांच्या नावावरून तलावास लेक फाइफ म्हटले जाई. पुणे शहर व लष्करी छावणी यांची गरज वाढत होती आणि उन्हाळ्यात तलावातील साठा अपुरा पडू लागला होता.

साठा वाढवण्याचा सरळ मार्ग म्हणजे धरणाची उंची वाढवणे. परंतु धरणाची भिंत ठरावीक उंचीच्या पाण्याचा दाब गृहीत धरून बांधलेली असते. उंची वाढली की तळाशी दाब वाढतो आणि भिंत उलटण्याचा किंवा पायावरून सरकण्याचा धोका निर्माण होतो. विश्वेश्वरय्यांनी वेगळी वाट धरली. दर पावसाळ्यात पुराचे पाणी सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीने वाहत असे. म्हणजे पुराच्या वेळी तलाव तेवढा चढतच होता आणि धरण तो दाब सोसत होते. ही जास्तीची उंची पूर ओसरताच वाया जात होती. सांडव्यावर दारे बसवून तेवढेच पाणी अडवावे आणि मोठा पूर आला तर दारे आपोआप उघडून त्याला वाट द्यावी, असा त्यांचा विचार होता. त्यामुळे पुराची कमाल पातळी पूर्वीइतकीच राहून साठा मात्र वाढणार होता.

त्यासाठी त्यांनी तयार केलेली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये खडकवासल्यास बसवण्यात आली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की पाण्याचाच जोर व प्रतिभार यांच्या साहाय्याने दारे उघडत आणि पातळी उतरली की पुन्हा मिटत. मध्यरात्री अचानक पूर आला तरी माणूस धावत जाऊन दारे उघडेपर्यंत थांबण्याची गरज नव्हती. तलावाची साठवण सुमारे आठ फुटांनी उंचावली आणि पाणी अंदाजे एक चतुर्थांशाने वाढले. या रचनेचे एकस्व त्यांनी घेतले. मात्र सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन घेणे त्यांनी नाकारले.

या योजनेचे मूल्यमापन करताना तिची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. पूर्वी पुराच्या दिवसांपुरता येणारा दाब आता धरणावर महिनोन्महिने राहू लागला आणि धरणाची सुरक्षितता दारांच्या सुस्थितीवर अवलंबून राहिली. दाराचे बिजागर गंजले, खाचेत गाळ किंवा ओंडका अडकला, तर सांडव्याची वाट अरुंद होते. म्हणूनच अशा दारांची नियमित देखभाल हा त्या योजनेचाच भाग ठरतो.

गट पद्धती

याच काळात त्यांनी नीरा व मुठा कालव्यांवर गट पद्धती सुचवली. कालव्याखालील जमिनीचे गट पाडून प्रत्येक गटात ऊस, भात व कमी पाण्याची पिके आलटून पालटून घ्यावीत, असे तिचे स्वरूप होते. पाणी मोजक्या बागायतदारांच्या शेतात मुरण्याऐवजी अधिक गावांत पोहोचावे आणि अतिसिंचनाने जमिनी पाणथळ होऊ नयेत, हा तिचा हेतू होता. आरंभी शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. पुढे ती दख्खनच्या अनेक कालव्यांवर रूढ झाली.

आरोग्य अभियंता व कोल्हापूरचा तलाव

१९०४ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई सरकारचे आरोग्य अभियंता झाले. या पदावरून त्यांनी अनेक शहरांच्या पाणीपुरवठा व मलनिःसारण योजनांचे काम पाहिले. १९०६ मध्ये ते एडनला गेले. तेथे जवळपास पाऊसच नसल्याने उत्तरेकडील लहेजच्या परिसरात वाळूत झिरपलेले पाणी विहिरींतून घेण्याची योजना त्यांनी मांडली.

कोल्हापूर संस्थानातील काम या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कोल्हापूर शहरास पाणी देणाऱ्या तलावाचा मातीचा बांध कमकुवत होऊन धोक्यात आला असता त्यांचा सल्ला घेण्यात आला व त्यानुसार बांध सावरण्याचे उपाय योजले गेले. दगडी धरणाचे दुखणे व मातीच्या बांधाचे दुखणे वेगळे असते. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपतच असते आणि ते स्वच्छ असून पायथ्याच्या निचऱ्यातून वाहून जात असेल, तर भीतीचे कारण नसते. तेच पाणी गढूळ येऊ लागले, की बांधाच्या पोटातील माती वाहून जाऊ लागली असे समजावे लागते. उतार खचणे, माथ्याला लांबट भेग पडणे, पायथ्याशी दलदल होणे, उंदीर-घुशींची बिळे व उतारावर वाढलेली झाडे ही त्याची इतर लक्षणे आहेत. अशा बांधावर पहिला उपाय म्हणजे पाण्याची पातळी उतरवणे आणि दुसरा म्हणजे मुरलेल्या पाण्याला माती न नेता बाहेर पडण्याची वाट देणे.

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी नोकरी सोडण्याचा निर्णय घेतला. अनेक ज्येष्ठ अधिकाऱ्यांना मागे टाकून त्यांना बढत्या मिळाल्या होत्या. परंतु मुख्य अभियंत्याचे पद भारतीय माणसाला मिळण्याची त्या काळी आशा नव्हती.

निजामाचे राज्य व मुसी नदीचा पूर

नोकरी सोडून विश्वेश्वरय्या परदेश प्रवासास गेले असताना हैदराबादवर मोठे संकट कोसळले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. मृतांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास मानली जाते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने शहराची पुनर्रचना आणि भावी पुरापासून बचाव यांसाठी विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. १९०९ मध्ये त्यांनी हैदराबादेत काम सुरू केले.

मराठवाडा त्या काळी निजामाच्याच राज्यात होता आणि बीड हा त्या राज्याचा एक जिल्हा होता. अल्प व लहरी पावसाच्या या प्रदेशात पाणी साठवण्याची परंपरा जुनी आहे. बीड शहराजवळील सोळाव्या शतकातील खजाना विहीर व तिच्यातून भूमिगत मार्गाने नेलेले पाणी हे तिचे ठळक उदाहरण होय. तेलंगणाच्या भागात हीच परंपरा गावोगावच्या तलावांच्या रूपाने नांदत होती. एका नाल्यावर एकाखाली एक असे तलाव बांधलेले असत. वरच्याचा सांडवा खालच्यात उतरत असे.

विश्वेश्वरय्यांनी पुराची कारणे शोधताना याच तलावांकडे लक्ष वळवले. मुसी व तिची उपनदी ईसी यांच्या पाणलोट क्षेत्रात त्यांच्या गणनेनुसार ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ तलाव त्या अतिवृष्टीत फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे, त्याचा सांडवा पुरा पडत नसे आणि तोही फुटे. अशा साखळीने पावसाच्या पुरात साठवलेल्या पाण्याची भर पडत गेली. पुराचा कमाल विसर्ग सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट होता, असा त्यांचा अंदाज होता.

या निरीक्षणातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. प्रत्येक तलाव स्वतंत्रपणे तपासून पुरत नाही. वरचा तलाव फुटल्यास खालच्यावर काय येईल, याचाही हिशेब करावा लागतो. लहान व दुर्लक्षित तलावही मोठ्या शहराच्या सुरक्षिततेचा प्रश्न होऊ शकतो.

त्यांच्या अहवालात शहराच्या वरच्या बाजूला मुसी व ईसी या दोन्ही नद्यांवर जलाशय बांधण्याची शिफारस होती. या जलाशयांनी एरवी शहराला पिण्याचे पाणी द्यावे आणि पुराच्या वेळी पाण्याचा लोंढा सामावून घेऊन तो हळूहळू सोडावा, अशी कल्पना होती. त्यानुसार राज्याच्या अभियंत्यांनी मुसीवर उस्मानसागर (१९२०) व ईसीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधले. पिण्याचे पाणी हवे म्हणून तलाव भरलेला ठेवावासा वाटतो, तर पूर अडवण्यासाठी त्यात रिकामी जागा हवी असते. या दोन गरजांचा मेळ घालणे हे अशा जलाशयांच्या चालवणुकीतील कायमचे अवघड काम आहे. शहराच्या भूमिगत गटार योजनेसाठीही विश्वेश्वरय्यांनी पुढे हैदराबादला साहाय्य केले.

म्हैसूर संस्थान

मुख्य अभियंता व कृष्णराजसागर

नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणींना शिवनसमुद्र येथील केंद्रातून १९०२ पासून वीज मिळत होती. परंतु उन्हाळ्यात कावेरीचे पाणी घटले की वीजही घटे. वीज व सिंचन या दोहोंसाठी म्हैसूरजवळ कन्नंबाडी येथे कावेरीवर मोठे धरण बांधण्याची योजना त्यांनी पुढे रेटली. महाराजा कृष्णराज वडियार (चौथे) यांनी तिला मान्यता दिली आणि १९११ मध्ये काम सुरू झाले. खालच्या बाजूच्या मद्रास इलाख्याने हरकत घेतल्याने कावेरीच्या पाणीवाटपाचा वाद लवादापर्यंत गेला आणि १९२४ मध्ये करार झाला. धरण १९३० च्या दशकाच्या आरंभी पूर्णत्वास गेले.

या धरणाची लांबी सुमारे ८,६०० फूट व उंची सुमारे १३० फूट आहे. सिमेंट त्या काळी परदेशातून आणावे लागत असल्याने दगडी बांधकामात चुना व विटांची भुकटी यांची सुरकी वापरण्यात आली. खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांची कल्पना येथेही योजण्यात आली. जलाशयाखाली अनेक गावे बुडाली आणि कन्नंबाडीचे वेणुगोपाल मंदिरही पाण्याखाली गेले.

ग्वाल्हेर संस्थानातील टिग्रा धरणावरही अशाच दारांचा उपयोग झाला. हे दगडी धरण १९१७ मध्ये फुटून मोठी प्राणहानी झाली. पायातील वालुकाश्मात पाणी शिरले व भिंत सरकली, असे त्याचे कारण सांगितले जाते. भिंतीखाली झिरपणारे पाणी तिला खालून वर उचलू पाहते, या दाबाचा पुरेसा विचार जुन्या दगडी धरणांच्या आराखड्यांत नव्हता. त्यामुळे वरून भक्कम दिसणाऱ्या जुन्या धरणाच्याही पायाची तपासणी आवश्यक ठरते.

दिवाणपद

१९१२ ते १९१८ या काळात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. बँक ऑफ मैसूर (१९१३), कन्नड साहित्य परिषद (१९१५), म्हैसूर विद्यापीठ (१९१६) व बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९१७) या संस्था त्यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिल्या. चंदन तेल व साबण यांचे कारखाने आणि भद्रावतीचा लोखंड प्रकल्प यांना त्यांनी चालना दिली. १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली.

त्यांच्या कारभारावर टीकाही झाली. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना पुरेसे स्थान मिळावे, या मागणीचा विचार करण्यासाठी महाराजांनी न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली १९१८ मध्ये समिती नेमली. गुणवत्तेच्या निकषाला बाधा येईल, या भूमिकेतून विश्वेश्वरय्या या धोरणाशी सहमत नव्हते आणि त्यांनी पद सोडले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने त्यांच्या या भूमिकेची चिकित्सा अभ्यासक आजही करतात.

उत्तरायुष्य

दिवाणपद सोडल्यावर विश्वेश्वरय्या चाळीस वर्षांहून अधिक काळ कार्यरत राहिले. मुंबई सरकारच्या तांत्रिक व औद्योगिक शिक्षणविषयक समितीचे ते अध्यक्ष होते. भद्रावतीचा तोट्यातील लोखंड कारखाना त्यांनी सावरला. १९२७ पासून सुमारे तीन दशके ते टाटा पोलाद कंपनीच्या संचालक मंडळावर होते. गंगेवरील मोकामा येथील पुलाच्या जागेसंबंधी सल्ला देताना त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती. रिकन्स्ट्रक्टिंग इंडिया (१९२०), प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया (१९३४) व मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ (१९५१) ही त्यांची प्रमुख इंग्रजी पुस्तके होत.

१९६० मध्ये त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली आणि भारतीय टपाल खात्याने त्यांच्या हयातीतच त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. त्यानंतर वर्षभराच्या आत, १२ जुलै १९६१ रोजी, त्यांच्या तरुणपणीच्या कर्तृत्वाशी जोडलेले खडकवासला धरण फुटले. वरच्या बाजूला आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. विमोचकाचे व दारांचे काम पुरे झालेले नसताना पावसाळ्यात त्यात पाणी साठले. बांध खचू लागल्यावर सैनिकांनी वाळूची पोती रचून तो वाचवण्याची शर्थ केली. तरी त्या दिवशी सकाळी तो फुटला. तो लोंढा खडकवासल्याच्या सांडव्याला पेलणारा नव्हता. जुन्या दगडी भिंतीवरून पाणी गेले आणि तीही फुटली. पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त होऊन हजारो कुटुंबे बेघर झाली आणि धरणाबरोबर शहराचा पाणीपुरवठाही तुटला. वरचा तलाव फुटला की खालचा टिकत नाही, हे मुसीच्या पुरातून त्यांनी दाखवलेले सूत्र अर्धशतकानंतर पुण्यात खरे ठरले. खडकवासला धरणाची पुढे पुनर्बांधणी करण्यात आली.

एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे विश्वेश्वरय्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळी येथे त्यांचे स्मारक आहे.

वारसा

नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ या संस्थांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. महाराष्ट्रात त्यांचा खरा वारसा मात्र पाण्याच्या कामांत शोधावा लागतो. देशातील सर्वाधिक मोठी धरणे याच राज्यात आहेत आणि त्यांतील अनेक आता जुनी झाली आहेत. भंडारदरा येथील ब्रिटिशकालीन दगडी धरणाला १९६९ मध्ये तडे जाऊन गळती वाढली, तेव्हा त्याला मागील बाजूने टेकू देऊन ते बळकट करण्यात आले. २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे लहान धरण रात्री फुटले आणि पायथ्याच्या वाडीतील माणसे वाहून गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या.

बीड शहराच्या संदर्भात हा विषय जवळचा आहे. शहरातून वाहणाऱ्या बिंदुसरा नदीवर, शहराच्या वरच्या बाजूला पाली गावाजवळ, १९५० च्या दशकात बांधलेला जलाशय बीडला पाणी देत आला आहे. विश्वेश्वरय्यांचा या प्रकल्पाशी संबंध नव्हता. परंतु त्यांनी हैदराबादेत अभ्यासलेली रचना येथेही आहे : वर पाण्याचा साठा, खाली दाट वस्ती आणि मध्ये एरवी कोरडी दिसणारी नदी. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला आलेल्या पुराने बीड शहरात मोठी जीवित व वित्तहानी झाली. अवर्षणग्रस्त प्रदेशात तलाव भरल्याचा आनंद मोठा असतो. त्यामुळे भरलेल्या तलावाच्या सांडव्याकडे व नदीपात्रातील अडथळ्यांकडे दुर्लक्ष होण्याचा संभवही तेथे अधिक असतो.

धरणांच्या देखरेखीची व्यवस्था आता कायद्याने बांधलेली आहे. महाराष्ट्रात नाशिक येथील धरण सुरक्षितता संघटना राज्यातील धरणांच्या तपासणीवर लक्ष ठेवते. संसदेने २०२१ मध्ये धरण सुरक्षा अधिनियम संमत केला. पंधरा मीटरहून उंच धरणे आणि ठरावीक निकषांत बसणारी दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे त्याच्या कक्षेत येतात. अशा धरणांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करणे, झिरपणाऱ्या पाण्याची व भिंतीच्या हालचालीची मोजणी ठेवणे आणि आणीबाणीचा कृती आराखडा तयार करणे धरणाच्या मालकावर बंधनकारक आहे. गावतलाव व पाझर तलाव उंचीने लहान असल्याने बहुधा या कक्षेबाहेर राहतात; १९०८ मध्ये मुसीच्या खोऱ्यात फुटलेले तलाव बव्हंशी याच आकाराचे होते.

अभियंता म्हणून विश्वेश्वरय्यांनी बांधलेल्या वास्तूंची यादी मोठी आहे. तिच्याइतकेच मोल त्यांच्या कार्यपद्धतीला आहे. आराखडा करण्यापूर्वी मोजणी करणे, एका तलावाऐवजी संपूर्ण खोऱ्याचा हिशेब मांडणे आणि जुन्या कामातून अधिक लाभ घेताना त्याची सोसण्याची मर्यादा न ओलांडणे, ही त्या पद्धतीची मुख्य अंगे होत. पुनर्बांधणीनंतरचे खडकवासला धरण आजही पुणे शहराला पिण्याचे पाणी पुरवते.